शाजियाबाजीची मंगनी आणि मामूंचा फिल्टर

पनवेल,
रविवार, दुपार

प्रिय नझीर मामू यांना भाची जिक्राचा सलाम.

शारजात ऊन कसं आहे, जिना चढताना गुडघा अजून कुरकुरतो का, आणि डॉक्टरांनी बंद केलेला खजूर खरंच बंद आहे का (अम्मीच्या मते नाही), हे आधी कळवा. इथे आम्ही सगळे खुशाल आहोत. हे वाक्य मी सवयीने लिहिलेलं नाही. काल दुपारी साडेचारला ते लिहिता आलं नसतं. व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवलं असतं, पण माझे लांब निरोप तुम्ही दुप्पट वेगाने ऐकता आणि 'माशाल्लाह' लिहून मोकळे होता. माझा फोन चोरीला गेल्याचं कळवलं तेव्हाही 'माशाल्लाह'च आलं होतं. म्हणून कागदावर लिहिते आहे. शेजारचे अरसलानभाई मंगळवारी शारजाला परत निघालेत, ते हातात आणून देतील.

तुम्ही पाठवलेला फिल्टर मिळाला. घरात त्यावरून आधी जरा गैरसमज होता. अम्मीने फोनवर 'जिक्रासाठी फिल्टर पाठवतोय' एवढंच ऐकलं आणि ओट्यावरची नळाजवळची जागा पुसून रिकामी करून ठेवली. (टँकरचं पाणी उकळून उकळून ती कंटाळली आहे, तिचा दोष नाही.) डबीतून बांगडीएवढ्या कडीत बसवलेली काळपट काच निघाली, तेव्हा तिने ती उजेडात धरली आणि यातून दिवसाला किती लिटर जाईल असं विचारलं. मी समजावलं की हा लेन्सवर लावायचा फिल्टर आहे. तेव्हा आमची थोरली, शाजियाबाजी, खूश झाली, कारण तिला वाटलं यातून चेहरा गोरा येतो. तिलाही समजावलं. तुम्हाला माझं मत माहीतच आहे, मामू. फोनमधले ते गाल गुळगुळीत करणारे फिल्टर म्हणजे माणसाचा अपमान आहे. हा फिल्टर काही चढवत नाही, फक्त काढतो. पाण्यावरची, काचेवरची, पानांवरची चकाकी काढून टाकतो. पुढची कडी बोटाने हळूहळू फिरवायची, की चकाकी मावळते आणि खालची वस्तू जशी आहे तशी दिसते. मी तलावावर जाऊन करून पाहिलं. पाण्याखालचं सगळं स्वच्छ दिसलं. मासे नव्हते, चपला होत्या. पण सत्य हे सत्य.

आता कालचं सांगते. बाजीची मंगनी दोनदा पुढे ढकलली गेली, कारण आदिलभाईंना दोह्याहून रजा मिळेना. कुलसुमखालांनी, म्हणजे आदिलभाईंच्या अम्मींनी, अब्बांना गेल्या आठवड्यात स्पष्ट सांगितलं होतं की आता मुलगा टीव्हीवर व्हिडिओ कॉलने का होईना हजर राहील, पण कालच्या दिवशी अंगठी घातली नाही तर त्यांना उरणातूनच दुसरं स्थळ सांगून आलंय. बाजी तेव्हापासून नीट जेवली नव्हती. वर तोंडाने म्हणत होती की मला काही फरक पडत नाही. (ती असं म्हणते तेव्हा कपाट आवरायला घेते. आठवड्यात चारदा आवरलं.)

तर न्हावा शेवाच्या कंटेनरांमधून वाट काढत पाहुणे दीड तास उशिरा आले. दिवाणखान्यात टीव्हीवर आदिलभाई, टाय लावून, ताठ बसलेले. फोटोची जबाबदारी माझी. आमच्या सोफ्याचं प्लास्टिक अम्मीने अजून काढलेलं नाही, ते फोटोत आरशासारखं चमकत होतं. मी कडी फिरवली आणि चमक पार घालवली. कुलसुमखालांनी कौतुकाने विचारलं, हे काय करतेस गं? इथे मी गप्प बसले असते तर हे पत्र एका पानात संपलं असतं. पण मी घरातली पहिली पदवीधर. मी त्यांना सविस्तर सांगितलं की यातून खोटी चकाकी निघून जाते आणि जे खरं आहे तेवढंच उरतं.

मग कॅमेरा टीव्हीकडे वळवला, तर पडदा काळा. मी म्हणाले, कॉल कटला. सगळ्यांनी वळून पाहिलं, आदिलभाई जागेवरच. मी पुन्हा डोळा लावला, पुन्हा काळा. पुन्हा कॉल कटल्याचं जाहीर केलं. अब्बांनी राउटर बंद करून चालू केला, त्यात कॉल खरोखरच कटला आणि तो जोडण्यात दहा मिनिटं गेली. तिसऱ्यांदा मी प्रामाणिकपणे जे दिसतं ते सांगितलं, की घरातले सगळे दिसतात, फक्त आदिलभाई दिसत नाहीत.

कुलसुमखालांनी हातातली अंगठीची डबी मिटून पर्समध्ये टाकली. "खोटं ते जातंय नि खरं तेवढंच रातंय, असं तूच बोललीस ना मगाशी? मंग माझा आदिल खोटा हाय काय?"

मामू, अब्बा माझ्याकडे बघत होते, अम्मी छताकडे. बाजी खाली मान घालून बसली होती आणि तिच्या मेंदीच्या हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती. ज्या गोष्टीने तिला काही फरक पडत नव्हता तिच्यासाठी तिचे डोळे भरले होते. मी फिल्टर काढून टाकायला गेले, तर कुलसुमखाला उठल्या आणि म्हणाल्या, "काढू नकोस. मला बघू दे."

त्यांनी कॅमेरा घेतला, डोळ्याला लावला आणि मुलगा नाहीसा झालेला पाहून हबकल्या. कॅमेरा पडेल या भीतीने त्यांनी पुढची कडी बरणीच्या झाकणासारखी आवळून धरली. ती फिरली. आणि काळोखातून आधी टाय, मग मिशी, मग सगळे आदिलभाई बाहेर आले. "आला गं," त्या म्हणाल्या. कडी उलटी फिरवली. "गेला." परत फिरवली. "आला." टीव्हीवरून आदिलभाई कळवळून सांगत होते की अम्मी, मी कुठे गेलोच नाही, पण त्यांचं ऐकायला कुणी रिकामं नव्हतं. शेवटी खालांनी निकाल दिला, "पोरीच्या हातात येत नव्हता. आईच्या हातात बरोबर आला."

त्या क्षणी मला सगळं समजलं. टीव्हीचा उजेड एकाच दिशेने कंप पावतो, काच आडवी आली की अडतो. पोलरायझेशन. तिसऱ्या वर्षाच्या पेपरात आठ मार्कांचा प्रश्न होता आणि मला सात मिळाले होते. मी ते सांगायला तोंड उघडलं, तर बाजीने तिची टाच माझ्या पायावर ठेवली आणि वजन टाकलं. मी तोंड मिटलं. विज्ञानाशी केलेली ही माझी पहिली बेइमानी. पर्समधून डबी निघाली, अंगठी बोटात गेली, साखर भरवली गेली, आणि बाजीने रात्री चार चपात्या खाल्ल्या. मला आज इतकं हलकं वाटतंय की अम्मीने दळण आणायला पाठवलं तरी मी वाद घातला नाही.

मामीला सलाम, पिल्लांना प्यार.

तुमची,
जिक्रा

ता. क. फिल्टर कुलसुमखाला घेऊन गेल्या. 'माझा आदिल यातून येतो' म्हणाल्या, त्यावर नाही कसं म्हणणार? तेव्हा तसाच आणखी एक हवा आहे. माप सदुसष्ट मिलिमीटर.

ता. क. २ : तो पाठवू नका, घेऊन या. आदिलभाईंची रजा मंजूर झाली, निकाह वीस डिसेंबरला ठरला. तुम्ही तीन वर्षं आला नाहीत. बाजी म्हणते, मामू टीव्हीवर नकोत, खुर्चीवर हवेत.

ता. क. ३ : ही विनंती आहे असं मी अम्मीला म्हणाले, तर ती म्हणाली विनंती कसली. तिने आज सकाळीच निकाहात बाजीच्या वतीने बोलणारा वकील म्हणून तुमचं नाव काझीसाहेबांना दिलंय आणि पत्रिका छापायला टाकल्यात. उत्तरात नुसतं 'माशाल्लाह' चालणार नाही, तिकिटाचा फोटो पाठवा.