मागे मूठच नाही

सोमवार, ४ मार्च
नवी खुर्ची आली. बॅटरीवरची. हिच्या धाकट्या बहिणीने परस्पर ठरवली, परस्पर मागवली. मला हाक मारली ती फक्त दार उघडायला.
पहिलीच त्रुटी नजरेत भरली. मागे मूठच नाही. ढकलणाऱ्याने धरायचं कुठे? मेहुणी म्हणाली, भावोजी, ढकलायचं नाही म्हणून तर घेतली. पोरीला तांत्रिक समज पहिल्यापासून बेताची.
हिचे पाय गेल्यापासून खुर्ची मी ढकलत आलोय. त्यासाठी नोकरीही मुदतीआधी सोडली. (साहेबांनी थांबवलं नाही. माझी अडचण त्यांना समजली असावी.) सकाळी हिचं आवरून झालं की खिडकीशी नेऊन लावायचं, दोन्ही ब्रेक लावायचे, आलोच हं, कुठे जाऊ नकोस, असं सांगायचं आणि पेपर, चौक, चहा उरकून जेवायला परत यायचं. उजेड, हवा, दृश्य, सगळं हिला बसल्या जागी. माणूस थकतो यात. पण याला सेवा म्हणतात. ती बटणाने होत नाही.

बुधवार, ६ मार्च
ही येत्या सोमवारपासून कामाला जाणार! कोपऱ्यापलीकडच्या चष्म्याच्या दुकानात, पूर्वी नंबर तपासायची तिथेच. दुकानदाराचा होकारही आलाय. मी विरोध केला नाही. एवढंच म्हणालो, सोबत मी असेनच. ही म्हणाली, कशाला?
प्रश्न भाबडा होता.
संकल्प: खुर्ची चालवायला मी स्वतः शिकवणार. वेगाचं एक बटण आहे, एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. कासवावर लावून ठेवलं.
संध्याकाळी: स्वयंपाकघरातून ही आली आणि माझ्या अंगठ्यावरून गेली. ससा. वर म्हणाली, अहो, मागे मागे नका हो घुटमळू, दिसत नाही तुम्ही.

शुक्रवार, ८ मार्च
शिकवणी स्थगित. विद्यार्थिनी दोन्ही दिवस घरभर फिरत होती, गाठ पडली नाही. पायऱ्यांवर टाकलेला फळ्यांचा उतारसुद्धा (माझी कल्पना, माझीच मापं) उतरून, चढून आली. थोडा उभा झालाय म्हणाली. लोकांना फुकटच्या वस्तूत खोड काढायची सवयच असते.
झोपण्यापूर्वी चार्जर काढून ठेवला. यंत्रालाही विश्रांती लागते. मला कोण देतं?

शनिवार, ९ मार्च
दुकानापर्यंत रंगीत तालीम. शिंप्याच्या दारात खुर्ची ठप्प. बॅटरी संपली.
मी तसं सुचवलं होतंच. अधिक बोललो नाही, तीन-चारदाच बोललो. मग पाठ धरून ढकलायला गेलो. भिंत ढकलल्यासारखं. तिथून जाणारी माणसं बघत होती. एकाने विचारलं, काका, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?
मेहुणी चार्जर घेऊन आली. शिंप्याने आपल्या मशीनची पिन काढून जागा दिली. चार्ज होईपर्यंत ही, मेहुणी आणि शिंप्याची बायको आत बसून खिदळत होत्या. मी बाहेर वाहतुकीवर लक्ष ठेवलं.
घरी आल्यावर हिने विचारलं, चार्जर कुणी काढला? म्हटलं, लाइट गेले असतील. ही म्हणाली, हो ना, आणि जाताना वायरची गुंडाळी करून गेले.

रविवार, १० मार्च
माहितीपुस्तिका वाचली. शोध लागला! मागच्या चाकांपाशी दोन खटके आहेत. ते ओढले की मोटर चालत नाही, खुर्ची हाताने ढकलता येते. शेवटी कंपनीलाही माणूस लागतोच.
खाली ठळक अक्षरांत काही सूचना होती. ठळक अक्षरं घाबरटांसाठी असतात.
योजना: उद्या सकाळी गुपचूप खटके ओढायचे. ही बसणार, खुर्ची हलणार नाही. मी पुढे होणार. म्हणजे मागे. दुकानापर्यंत ढकलत नेणार. दुकानदार बघेल, शिंपी बघेल. ही काही बोलणार नाही, पण समजेल.
आधी रिकाम्या खुर्चीने उतारावर सराव करून घेईन. मी बेसावध माणूस नाही.

सोमवार, ११ मार्च
थोडक्यात लिहितो. पाय ठणकतोय.
खटक्यांबरोबर ब्रेकही सुटतात. ठळक अक्षरांत तेच होतं. उताराचा निम्मा भाग आम्ही दोघं बरोबर गेलो, पुढे खुर्ची एकटी गेली. फाटकाला टेकून थांबली. ओरखडासुद्धा नाही. तिला.
मान वर केली तर ही दारात. जुन्या खुर्चीत, दोन्ही हातांनी स्वतः चाकं फिरवत आलेली. हे हिला येतं? कधीपासून, ते विचारायचं राहिलं.
ही आधी म्हणाली, फार लागलं का हो? मग म्हणाली, खटके का ओढले होते? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी सविस्तर दिलं.
मेहुणी खुर्ची वर घेऊन आली. हिने वाकून खटके लावले, बसली आणि वेळेवर गेली. मेहुणी मला डॉक्टरकडे नेताना म्हणाली, भावोजी, मूठ सापडली का?

मंगळवार, १२ मार्च
घोटा. पाय टेकायचा नाही. जुनी खुर्ची माझ्याकडे आली.
सकाळी हिने आवरलं. नव्या खुर्चीने मला मागून हळूहळू रेटत खिडकीशी नेऊन लावलं. कासवावर. दोन्ही ब्रेक लावले. आलेच हं, कुठे जाऊ नका, म्हणाली आणि गेली.
इथे बसलं की खिडकीतून रस्ता दिसत नाही. झाड दिसत नाही. समोरच्या इमारतीचा एक सांडपाण्याचा पाइप दिसतो, तोही वाकतो तेवढाच. ही इथे बसून इतकी वर्षं काय बघायची, कोण जाणे.
खिडकीच उंच बसवलीय. गवंड्याला बोलवायला हवं.
ब्रेक सोडून चाकं फिरवून पाहिली. जागच्या जागी गोल फिरलो. परत पाइप.
पेपर टेबलावर आहे. टेबल लांब आहे.
दुपार: पाइप.
दुपारनंतर: पाइप.
दुकान कितीला बंद होतं, हे विचारायचं राहिलं.