तांबूस कडेचं पिल्लू

अबू धाबी, मार्च १९६५. मंगळवार, संध्याकाळ.

आज मी हसनचाचांची नोकरी घालवली. लिहूनच टाकतो.

ऑइल कॅम्पातल्या आमच्या साहेबांनी व्हेनेझुएलाहून पेटीभर पेंढा भरलेले माशीमार पक्षी आणलेत. चाचा माझ्याच गावचे, रत्नागिरीकडचे. ते पक्षी जातीप्रमाणे लावतात, मी नुसत्या चिठ्ठ्या टाइप करतो. त्यांचं काम मला हवं होतं, दुसरं काय?

दोन जाती अगदी सारख्या. पिवळं पोट, पांढरी भुवई. फरक एवढाच, की एकीच्या पंखाला तांबूस कड असते. चाचांनी तांबूस कडेचा एक पक्षी बिनकडेच्या रांगेत ठेवला होता. मी तो साहेबांसमोर उचलला. "चाचा, ही कड दिसत नाही तुम्हाला?"

"दिसते रे. पण हे पिल्लू आहे. पिसं बघ, किती मऊ."

मी साहेबांना इंग्रजीत सांगितलं, म्हाताऱ्याचे डोळे गेलेत. पिल्लाचं गाळलं. साहेब म्हणाले, खलास, उद्याच्या बोटीने घरी पाठवा.

दुपारी साहेबांच्या पुस्तकात वाचलं. बिनकडेच्या जातीच्या पिल्लांनाही तांबूस कड असते, मोठेपणी जाते. म्हणजे चाचा बरोबर होते. साहेब पाचपर्यंत ऑफिसातच होते. सांगता आलं असतं. मी पुस्तक मिटलं आणि चुकीच्याच नावाची चिठ्ठी टाइप केली.

आत्ता चाचा येऊन गेले. "तुझ्या अम्माला काही द्यायचंय का? मी चाललोच आहे."

मी खजुराचा डबा दिला. वर बजावलं, बोटीत भिजू देऊ नका.