नकार कुणाचा

प्रिय अनारकान एजे,

नारीनला आता बर्फ पडायला लागला असेल. मी महिनाभर बिश्केकला आहे, मेंदूच्या दवाखान्यात. तपासण्या चालल्यात. तू मोठी बहीण, तरी तुला सांगून आले नाही. शेजारची बुरुल सोबत आहे.

झटके तसेच आहेत. किती गोळ्या बदलल्या, एकीलाही दाद देत नाहीत. झटका येतो नि जातो गं, पण जाताना काहीतरी घेऊन जातो. परवा चहा ओतताना ‘किटली’ हा शब्दच सापडेना. फळ्यावर साधा भागाकार मांडून मीच अडकले, तेव्हा शाळेतली नोकरी सोडली. आयझादाच्या लग्नाच्या फोटोत मी लेकीला मिठी मारून रडतेय. आठवत मात्र काहीच नाही.

मी विसरायचे, तू सांगायचीस. पूर्वी ठरलेल्या ऑपरेशनचंही तूच सांगितलंस, “अगं, डॉक्टर तयार होते, तूच नको म्हणालीस. केवढी रडलीस! विसरलीस होय?” इतकी वर्षं मी स्वतःलाच भित्री म्हणत आले.

काल त्या वेळच्या डॉक्टर तुरसुनाय भेटल्या. बघताच म्हणाल्या, “तू केंजेगुल ना? ऑपरेशनला हो म्हणून बसली होतीस. मग झटक्यांवर झटके आले, तुला धड बोलता येईना, आणि बहीण म्हणाली, तिला नकोय, घरी नेते. ती नेत असताना खाटेचा दांडा सोडत नव्हतीस पोरी! तेव्हा झालं असतं, तर बरंच वाचलं असतं.” मी हसून म्हटलं, “तुमची चूक होतेय. माझी एजे खोटं बोलत नाही.” त्यांनी जुन्या कागदांवरची माझी होकाराची सही दाखवली.

आई ऑपरेशनच्या टेबलावरच गेली, म्हणून तू घाबरलीस. घाबरून मला नेलंस, तेही सोसेन. पण नंतर? तुझा नकार माझा म्हणून मलाच सांगत राहिलीस! माझ्या आठवणींना कुठे भोकं आहेत हे तुलाच ठाऊक, आणि तू नेमकं तिथेच हे लपवलंस. आता बाकीचं खरं-खोटं कुणाला विचारू? बाबा जाताना माझं नाव घेत होते म्हणायचीस. घेत होते का गं?

उद्या ऑपरेशन आहे. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं कदाचित टिकेल. या वेळीही ‘हो’ मीच म्हणाले. माझ्या वतीने बोलायची वेळ आलीच, तर बुरुल बोलेल. तू येऊ नकोस. शुद्धीवर आल्यावर कदाचित हे सगळं मी विसरेन, नेहमीसारखा फोन करेन, तुझ्याशी हसून बोलेन. तसं झालं, तर हे पत्र तूच मला वाचून दाखव.

अजून तरी तुझीच,
केंजेगुल