चूल गप्प झाली

डिंगोरे, गुरुवार संध्याकाळ

आठवडाभर चूल पेटली की फुरफुरत होती. सासूबाई म्हणायच्या, "जाळ फुरफुरतोय, पावणं येणार," आणि रोज दोन भाकरी जास्त थापायला लावायच्या. पाहुणा काही येईना. त्या दोन भाकरी म्हशीच्या पोटात.

मला पटत नव्हतं, पण बोलणार कसं? काल सासूबाई शेतावर गेल्यावर पेटत्या चुलीभोवती अगरबत्ती फिरवली. धूर सगळीकडे सरळ वर, वैलाच्या, म्हणजे चुलीला जोडलेल्या लहान चुलीच्या, मागे मात्र आत ओढला गेला. तिथं केसाएवढी चीर! वारा तिथूनच शिरत होता. हे मला आधी का सुचलं नाही? चूल निवल्यावर वारुळाची माती नि शेण कालवून चीर बुजवली.

आज जाळ गप्प. सासूबाईंनी ओला लेप पाहून विचारलं, तेव्हा चिरेचं सांगितलं. म्हणून भाकरीही मोजक्याच केल्या, तर दुपारी आणे गावाहून नणंदेचे सासरे दारात. मी घाईनं पुन्हा पीठ मळायला बसले. म्हटलं, आता सासूबाई चारचौघांत बोलणार.

तर त्या पाहुण्यांना सांगत होत्या, "आमच्या सूनबाईनं चूल दुरुस्त केली, पावणं. म्हून तुमी येनार ते कळलंच न्हाई."

जेवताना दोनदा सांगितलं. निघताना आणखी एकदा.