हंसाबाईच्या दारातला मेरा

यवतमाळ,
९ ऑक्टोबर २०२५

ती. बापू व ती. याडी यांना वर्षाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला कमी ऐकू येतं आणि ते कबूल करायची तुमची तयारी नाही, म्हणून पत्र. याडीलाही वाचून दाखवा.

कॉलेजातल्या परदेशी मुलांची जबाबदारी माझ्याकडे आल्यापासून काँक्रीट शिकवणं कमी आणि मुलं सांभाळणं जास्त चाललंय. त्यातली टांझानियाची नीमा, सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला, फार हुशार पोरगी. पण प्रोजेक्टच्या गटात तिला कुणी घेत नाही, होस्टेलच्या मुली न विचारता तिच्या केसांना हात लावतात. आमचे एक सर तासभर मराठीत शिकवतात आणि शेवटी तिला विचारतात, समझा क्या? मी भांडले, पण उशीर झाला. शिक्षण सोडून जायचं तिनं ठरवलंय, महिनाअखेरचं तिकीटही काढलंय.

मला हे फार लागलंय. कॉलेजात माझ्या बंजारा बोलीला हसले म्हणून मीही पेटी भरली होती, तेव्हा तुम्ही येऊन आठवडाभर धर्मशाळेत राहिलात. नीमाचे वडील समुद्रापलीकडे आहेत.

दिवाळीत मेस बंद. बाकीची मुलं माझ्याकडे जेवतील, म्हणून मला येता यायचं नाही. नीमाला मात्र माझ्या देखरेखीचा कंटाळा आलाय. तिला तांड्यावर ठेवून घ्याल? परदेशी मुलीची पोलिसांकडची नोंद मी करते.

तुमची,
वर्षा

तांडा, बोरी अरबजवळ,
१३ ऑक्टोबर

चि. वर्षास अनेक आशीर्वाद.

मला उत्तम ऐकू येतं. पोरीला पाठव. तुझी याडी आत्तापासून गोधड्या उन्हात घालते आहे, आणि पोरगी तिखट किती खाते हे दिवसातून दहादा विचारते.

अमावास्येला तिला पोरींबरोबर मेऱ्याला पाठवणार आहे. दिवे घेऊन घरोघर आशीर्वाद मागायचा मान कुमारी मुलींचा, बाहेरची कशी चालेल, असं धावजी कुरकुरला. मी त्याला म्हटलं, तांड्याचा नायक मी आहे, पाहुणीला दिव्याविना बसवणार नाही. तू काळजी करू नकोस.

तुझा बापू,
देवसिंग

तांडा,
२३ ऑक्टोबर

चि. वर्षास आशीर्वाद.

आधी बस, मग वाच.

पोरीनं चार दिवसांत सगळा तांडा आपलासा केला. याडीनं तिला आपला घागरा नेसवला, तो घोट्याच्या वरच राहिला. पण अमावास्येला घोळ झाला, आणि चूक आमचीच. हंसाबाईचा पोरगा देवीलाल वैशाखात गेला, तुला ठाऊक आहे. दुःखाच्या घरी त्या वर्षी मेरा जात नाही. हे नीमाला सांगायचं सगळेच विसरलो. पोरी त्या अंधाऱ्या घरावरून पुढे गेल्या आणि ही दिवा घेऊन सरळ आत शिरली.

धावजी अपशकुन, अपशकुन करत माझ्याकडे धावला. मी गेलो तर हंसाबाई उंबऱ्यावर बसून नीमाचं तोंड दोन्ही हातांत धरून रडत होती. वैशाखात तिच्या डोळ्यातून टिपूस निघालं नव्हतं. तिनं धावजीला गप्प बसवलं आणि नीमाला कळावं म्हणून मराठीत म्हणाली, "माह्या घरी दिवा कोणीच आणला नाही, तू आणला. पुढच्या दिवाळीलेही येजो. मी वाट पाहून राहीन."

नीमा म्हणाली, येईन. मग बाकीच्या पोरीही एकेक करून आत आल्या.

तिकिटाचं हंसाबाईला अजून ठाऊक नाही. पोरीनं शब्द कळून दिला की नुसता मान राखला? हंसाबाई रोज मला विचारते. तिला काय सांगू ते लिही.

तुझा बापू,
देवसिंग

यवतमाळ,
२८ ऑक्टोबर

ती. बापूंना शि. सा. न. वि. वि.

काल तास सुरू व्हायच्या आधीच नीमा माझ्या केबिनच्या दाराशी उभी होती. मी धीर धरून विचारलं, हंसाबाई काय म्हणाल्या ते समजलं होतं का? ती माझ्यावर चिडलीच. म्हणाली, मॅडम, वर्गातलं मराठी मला कळत नाही, ते कळलं.

तिकीट तिनं रद्द केलंय, बापू! प्रोजेक्टचा गट अजून मिळालेला नाही, ते भांडण आता माझं. मला आज इतका आनंद झालाय की वर्गात दोनदा चुकीचं गणित सोडवलं आणि पोरं हसली.

माझ्यासमोरच तिनं आईला फोन लावला आणि स्वाहिलीत बोलली. काय सांगितलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, उन्हाळ्यात घरी येईन, दिवाळीला येता येणार नाही, दिवाळीला एक बाई माझी वाट पाहते.

पत्र खाली ठेवा आणि आधी हंसाबाईंकडे जा.

आशीर्वादाची वाट पाहणारी,
वर्षा