ह्यांची मॅच, अशूची मॅच

रवि., ४ जाने.

रफीकभाई आले होते, दर रविवारी येतात तसे. शहागंजातलं बॅगांचं दुकान भावावर सोडून. ह्यांचे तरुणपणापासूनचे दोस्त. हे बॉक्सिंगच्या रिंगमध्ये असायचे तेव्हा रफीकभाई दोरीला चिकटून घसा फोडत असायचे.

चहाला आधण ठेवलं नाही तोच मॅचच्या गोष्टी सुरू. आधी ती परदेशातली, पहाटे उठून दुकानातल्या टीव्हीवर बघितलेली. चित्र हलायला लागलं म्हणून रफीकभाई अँटेना फिरवायला गच्चीवर गेले आणि इकडं एका ठोशात मॅच संपली. "पूरी दुनिया देखी भाभी, मैं अकेला नै देखा." पण सांगतात असं की सगळं स्वतःच्याच डोळ्यांसमोर झालं.

मग ह्यांची. फौजी पोराबरोबरची फायनल. दोनदा पडले, दोनदा उठले, तिसऱ्या फेरीत त्याला कोपऱ्यात कोंडला. मी तेव्हा ह्या घरात आलेच नव्हते, पण ऐकून ऐकून पाठ झालीय. हे खुर्चीतून उठून दाखवत होते, खाली कसे वाकले, डावा कसा टाकला. कुठं अडखळले नाहीत. चेहरा असा उजळला होता की...

रफीकभाई गेले. मी कप उचलत होते.

"रफीक आला नाय का गं आज?"

बुध., ७ जाने.

क्रांती चौकातले डॉक्टर. एमआरआय दाखवला. मला त्यात काय कळणार! विसरणं, मधेच चिडणं, शर्टाचं बटण लावताना हात थरथरणं, हे सगळं एकाच आजाराचं म्हणाले. इतकी वर्षं डोक्यावर बसलेले ठोसे, ते कारण असू शकतं. "असू शकतं" वर जोर.

थांबेल का विचारलं. म्हणाले, सावकाश करायचा प्रयत्न करू.

हे शेजारीच बसून ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, चांगला माणूस आहे, तुझी तब्येत बरी नाय का?

रिक्षात माझा हात धरून बसले. मला धीर द्यायला.

रवि., ११ जाने.

आज रफीकभाईंना दारातच गाठलं. म्हटलं, भाई, आजपासून मॅचचं काढू नका. त्या मॅचनंच हे असं झालंय. त्यांचं तोंड एवढंसं झालं. "हौ भाभी," म्हणाले. चप्पल काढायलाही वेळ लागला त्यांना.

आत बसले. रस्ता खोदलाय त्याचं बोलले. थंडीचं बोलले. पाणी किती दिवसांनी येतं त्याचं बोलले. हे नुसते बघत. अनोळखी घरी बसावं तसे, हात मांडीवर ठेवून. एकदा मला हळूच विचारलं, हे कोण गं?

रफीकभाईंनी ऐकलं. खिडकीकडं बघत राहिले.

मग मीच म्हटलं, भाई, ती अँटेनाची सांगा.

दुसरं काय करणार होते?

बुध., १४ जाने.

संक्रांत. अशूनं तिळगूळ हातावर ठेवला आणि म्हणाली, आई, पंचवीस तारखेला माझी मॅच आहे. विभागाची. जिंकले तर राज्याच्या शिबिराला निवड.

बॉक्सिंगच्या क्लबात जाते ते माहीत होतं. मला वाटायचं, व्यायाम करते. एकोणीस वर्षांची पोर, कॉलेज करून घाम गाळते, चांगलंच आहे. मॅच खेळते हे... खरं म्हणजे वाटत होतं. विचारलं नाही.

"तू बाबांकडं बघतेस ना अशू?"

"रोज बघते. मॅचचं बोलतात तेव्हापण बघते."

मी लई बोलले. नको ते बोलले. सणाच्या दिवशी. आवाज ऐकून हे आतून आले. काय झालं विचारलं. अशूनं सांगितलं. हे हसले आणि दोन्ही मुठी हनुवटीपाशी नेल्या. कित्येक दिवसांत दिसले नव्हते इतके हात स्थिर.

रवि., १८ जाने.

गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर हे दोघं तिथं. ह्यांनी तळहात पुढं धरलेले, अशू त्यावर मारतेय. "कोपर आत. आत घे म्हटलं ना! हनुवटी खाली." गॅस चालू ठेवून निघून जाणारा माणूस, पण तिचं कोपर बोटभर बाहेर गेलं तरी दिसतं ह्यांना.

बादली घेऊन तशीच खाली आले. कपडे ओलेच राहिले.

संध्याकाळी तिच्या क्लबातल्या सरांना फोन केला. भले माणूस आहेत. म्हणाले, आता डोक्याला संरक्षण असतं, डॉक्टर समोर बसलेला असतो, जास्त लागलं तर लगेच थांबवतात. पुढं म्हणाले, तरी बॉक्सिंग आहे ताई, खोटं कसं सांगू.

खोटं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

शनि., २४ जाने.

औरंगपुऱ्यात माझ्या शिवणाच्या दुकानात ब्लाऊज बेतत होते. शेजारच्या काकूंचा फोन, तुमचं दार सताड उघडं आहे, आत कुणी नाही.

कात्री तशीच टाकून निघाले. अशू स्कूटीवर एकीकडं, रफीकभाई दुसरीकडं. मी पायी, प्रत्येक गल्लीत डोकावत. लोकांना काय विचारायचं? उंच आहेत, राखाडी स्वेटर आहे, हसून बोलतात. एवढंच सांगता येत होतं.

रफीकभाईंना सापडले, क्रांती चौकाच्या अलीकडं, दुभाजकावर बसलेले. दोन्ही बाजूंनी गाड्या. खांद्यावर टॉवेल. म्हणाले, उद्या फायनल आहे, वजन करायला चाललोय, पण मैदान कुठं गेलं?

रफीकभाई त्यांच्या शेजारी बसले म्हणे. "वजन हो गया भास्कर. एकदम बरोबर है. चल घर." तेव्हा उठले.

मला वाटलं होतं, हे बघून तरी अशू म्हणेल, नाही जात मी उद्या. तसं काही ती म्हणाली नाही. बाबांचे पाय धुतले, जेवायला वाढलं, बॅग भरून ठेवली. तिला अडवायचं बळच नव्हतं माझ्यात.

रवि., २५ जाने.

अक्षर वेडंवाकडं येतंय.

जायचं नव्हतं. हे आणि रफीकभाई तयार होऊन बसले. ह्यांना एकट्या रफीकभाईंवर कसं सोडू, म्हणून गेले. आयुष्यातली पहिली मॅच.

समोरची मुलगी लांब हातांची. पहिली फेरी कळलीच नाही. एवढंच कळलं की ठोशाचा आवाज टीव्हीसारखा नसतो. ओल्या कपड्यावर धोपाटणं पडावं तसा असतो. हे माझ्या बाजूला अगदी शांत. रफीकभाई उभे, "कोपर! अशू, कोपर!"

दुसऱ्या फेरीत पडली.

माझी अशू. गुडघ्यावर, एक हात खाली टेकलेला. रेफरी बोटं दाखवत आकडे मोजतोय. मला वाटलं, राहू दे. तिथंच राहा बाळा, संपू दे, घरी जाऊ. हे मनात म्हणत होते, देवाशपथ हेच म्हणत होते. आणि कुणीतरी ओरडत होतं, "ऊठ! अशू, ऊठ!" घसा फाटेस्तोवर. रफीकभाईंनी वळून माझ्याकडं बघितलं तेव्हा समजलं, मीच.

उठली. तिसरी फेरी काय सांगू! ती लांब हातांची दमली होती, अशू आत घुसली, वाकून डावा, पुन्हा डावा. सगळा हॉल उभा. मी खुर्चीवर चढले होते असं रफीकभाई म्हणतात. हात वर गेला तिचा तेव्हा मी रडत होते की हसत होते... असं काही मी कधी बघितलं नव्हतं. कधीच नाही. लाज वाटते लिहायला, पण इतका आनंद लग्नातसुद्धा नव्हता झाला.

ह्यांनी सगळ्यांशी हात मिळवले. "माझी पोरगी," सांगत होते. माझी पोरगी.

सोम., २६ जाने.

रफीकभाई पेढे घेऊन आले. हे रंगात.

"रफीक, काल काय मॅच झाली! दुसऱ्या फेरीत पडलो मी. गुडघ्यावर. समोरचा लांब हातांचा. म्हटलं, उठायचं. आत घुसलो, वाकून डावा..."

अशू दारात उभी. डावा डोळा सुजून बंद.

रफीकभाई म्हणाले, "नै भास्कर, वो तो बेटी की मॅच थी."

"कुणाची?"

हे एकेकाच्या तोंडाकडं बघायला लागले. काहीतरी चुकलंय एवढं कळलं होतं, काय ते कळत नव्हतं.

अशू येऊन ह्यांच्या पायाशी बसली. "असू दे काका. बाबा, मग? पुढं काय झालं?"

ह्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं. ती एका डोळ्यानं बघत ऐकत होती.

बुध., २८ जाने.

शुक्रवारी शिबिराला निघायचंय. बॅग अर्धी भरलेली पलंगावर आहे.

सकाळी चहा घेताना कपाळ दाबत होती. विचारलं तर म्हणाली, थोडंसं दुखतंय, परवापासून. सरांना सांगू नको.

मी सांगितलं. तिच्यासमोरच फोन केला. सर म्हणाले, लगेच डॉक्टरला दाखवा, त्यांनी हो म्हटल्याशिवाय पाठवणार नाही. उद्या सकाळची वेळ घेतलीय. ह्यांचेच डॉक्टर. दुसरे कोण माहीत आहेत मला?

वाटलं, चिडेल. चिडली नाही. भाजी निवडायला बसले तर शेजारी येऊन बसली, मेथीची पानं खुडत.

"आई, खाली पडले ना, तेव्हा मला उठायचंच नव्हतं. डोळ्यांपुढं नुसतं पांढरं. वाटलं, बास."

"मग?"

"तुझा आवाज आला. म्हणून उठले."

किती खुशीत म्हणाली. मी मेथी निवडत राहिले. आणि मी मनात म्हणत होते, तिथंच राहा.