गुण्याखालचा उजेड

प्रिय मामा,

"माझ्या वर्गात भाची नको."

आमच्या ओट्यावर बसून, बशीतला चहा फुंकता फुंकता तू हे म्हणाला होतास. माझी सातवी संपली होती. आठवीसाठी ऐच्छिक विषय निवडायचा होता, संस्कृत किंवा टेक्निकल, आणि मी टेक्निकल म्हटलं होतं. शाळेत ते तूच शिकवायचास. आईने तुझ्याकडे बघितलं, तू बशीकडे. झालं! मी संस्कृत घेतलं.

मी काही ते वाक्य उगाळत बसले नव्हते. तू गेलास तेव्हाही ते आठवलं नाही. मग आता हे पत्र कशाला? कारण जूनमध्ये तुझं ते वाक्य माझ्या वर्गात येऊन बसलं आणि एका मुलीला आडवं गेलं.

त्याच शाळेत मी आता मराठी शिकवते, हे तुला माहीत आहे. यंदा आठवीची वर्गशिक्षिकाही आहे. ऐच्छिक विषयांची यादी तुझ्या वेळेपेक्षा लांबली आहे. माहिती तंत्रज्ञान आलं, इलेक्ट्रॉनिक्स आलं. तुझं टेक्निकलही आहे, तुझ्याच त्या पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये. पालकांचा प्रश्न मात्र बदललेला नाही. "मॅडम, मार्क कशात पडतात?"

कावेरीचे वडील तसं विचारायला आले नव्हते. हरसूलकडची माणसं. मुलगी इथे वसतिगृहात राहते. तिला टेक्निकलच हवं होतं, आणि वडिलांची सही लागणार होती. सकाळच्या एसटीने ते आले आणि टोपी गुडघ्यावर ठेवून माझ्यासमोर बसले.

"पोरीची जात हाय, मॅडम. मशिनीत हात गेला म्हंजी?"

"बाबा, घरी विळ्याला धार कोण लावतं?" कावेरीने मधेच विचारलं.

"तूच लावती."

"मग तवा नाय गेला हात?"

"तोंड बघा हिचं!" ते मला म्हणाले, पण हसत म्हणाले. मला वाटलं, काम झालं.

मग त्यांनी सहज विचारलं, "तुमी कुठं शिकल्या, मॅडम?"

"याच शाळेत."

"मग तुमी घेतलं व्हतं का हे टेक्निकल?"

"नाही."

"का वो?"

मी जे होतं ते सांगितलं. माझे सख्खे मामाच तो विषय शिकवायचे, त्यांनी घेऊ दिला नाही.

त्यांचं हसू गेलं. "सख्खा मामा? अन् त्यानं भाचीला घेतलं नाय?" त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. "मग त्यास्नी कायतरी ठाव असंल. मामा काय भाचीचं वाईट करील?"

कावेरी माझ्याकडे बघत राहिली. मी काय सांगायला हवं होतं, मामा? कारण तू मला तरी कुठे सांगितलं होतंस! "पुढच्या शनिवारी येऊन सांगतो," म्हणून ते निघून गेले.

मी मुलगी म्हणून तू नाही म्हणालास, असं धरून चालणं सोपं होतं. पण ते खरं नव्हतं. माझ्याच वर्गातली शैला तुझ्याकडे होती. तिने घासलेला लोखंडाचा तुकडा तू काचेच्या कपाटात ठेवला होतास. मी येता-जाता तो बघायचे.

संस्कृतच्या तासाला आमच्या खिडकीतून तुझं वर्कशॉप दिसायचं. आम्ही इकडे 'रामः रामौ रामाः' घोकत असू आणि पलीकडून कानशींचा आवाज येई. पहिल्या सहामाहीत तू मशीनला हात लावू द्यायचा नाहीस. प्रत्येकाला एक गंजका तुकडा, एक कानस, आणि घासून घासून चौकोनी करायचं काम. मग तू त्यावर गुण्या लावायचास, काटकोन बघायचा तो, आणि दोन्ही खिडकीकडे धरायचास. गुण्याच्या कडेखालून बारीकशी रेघ चमकली की तुकडा परत.

"उजेड दिसतोय." एवढंच बोलायचास. रागावणं नाही, समजावणं नाही. हेडमास्तरांच्या मुलाला अख्खी सहामाही उजेड दिसत राहिला. त्याचा तुकडा शेवटी एवढासा उरला, की मुलं म्हणायची, आता अंगठीत बसव!

आणि मी? मला तो खेळ फक्त लांबून बघायला मिळाला.

रविवारी मी पंचवटीत मामीकडे गेले. ती मेथी निवडत बसली होती. मी थेटच विचारलं.

"अगं, ते घाबरले होते," मामी म्हणाली.

"मामा? कशाला?"

"तुला. तुझा तुकडा हातात आला असता ना! म्हणाले, सगळ्यांच्या तुकड्याला मी सरळ बघतो, तिच्या वेळी माझा हात हलेल. उजेड दिसला तरी नाही म्हणेन. आणि पोरं ते बघतील."

"मग हे मला का नाही सांगितलंस इतक्या वर्षांत?"

"तू कधी विचारलंस?" असं म्हणून तिने अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.

एवढंच होतं, मामा? हे ओट्यावर सांगता आलं नसतं? बारा वर्षांच्या मुलीला कळलं असतं. निदान तू बशीतून नजर वर केली असतीस, तरी चाललं असतं. तू प्रश्न तुझ्यापुरता चोख सोडवलास. माझ्या बाजूने तो घासायचाच राहिला.

शनिवारी कावेरीचे वडील आले. मामीने सांगितलेलं मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ टोपीची घडी घालत आणि मोडत राहिले.

"म्हंजी मामाला मशिनीची भीती नव्हती."

"नाही."

"सोताचीच व्हती." त्यांनी मान हलवली. "लय माया असंल मग." मग विचारलं, "आता जे सर हायेत, ते हिचे कोनी लागत नायत ना?"

"नाही."

"मग बसवा हिला." सही करून त्यांनी कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "पन एक. हिच्यासंगं तुमी बी बसा. तुमचं ऱ्हायलंय."

कावेरी फिस्सकन हसली. मी हसले नाही, कारण ते चेष्टेने बोलत नव्हते.

तेव्हापासून शनिवारी शाळा सुटली की मी वर्कशॉपमध्ये जाते. तुझ्या जागी आलेल्या सरांनी मला ॲप्रन दिला, तुकडा दिला. साडी नेसून कानस चालवता येत नाही हे पहिल्याच दिवशी कळलं. कावेरी शेजारी उभी असते. "मॅडम, खांद्यानं ढकला, मनगटानं नाय," असं सांगते आणि लगेच जीभ चावते. लोखंडाचा कीस नखांत जातो. सोमवारी फळ्यावर लिहिताना काळी बोटं दिसतात आणि मुली एकमेकींना कोपरखळ्या मारतात.

मी तुला एक शब्द देते. कावेरी मला आवडते, फार आवडते, पण तिच्या निबंधात चूक असेल तर मी ती चूकच म्हणेन. माझा हात हलला तरी तिला वर्गाबाहेर ठेवणार नाही. आणि कधी कुणाला नाही म्हणावं लागलंच, तर कारणासकट म्हणेन, तोंडाकडे बघून.

आता एक मागणं. घरी तू मामा होतास, शाळेत सर. हे मागणं सरांकडे आहे.

सर, माझा तुकडा झालाय. चारही बाजू घासल्या आहेत. तुमच्याच खिडकीपाशी उभी राहून मी गुण्या लावून बघितला. डाव्या कडेला केसाएवढी रेघ दिसते, पण ती माझ्या चष्म्यामुळेही असेल. तुम्ही एकदा बघता का? आणि भाची आहे म्हणून, या एकाच वेळी, "नाही दिसत" असं म्हणता का?

तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. कानस मी अजून खाली ठेवलेली नाही.

तुझी भाची,
आणि आता तुमच्या वर्गातली,
वैशाली